गोष्टीतून भाषा : मुंबई बंदराच्या दोन काठांवरचा इतिहास

जुनी, ओळखीची गोष्ट लहान वाक्यांत आणि मोजक्या शब्दांत पुन्हा सांगायची आणि तिच्या आधाराने नवी भाषा शिकवायची, ही पद्धत मराठी मुलखात छपाईच्याही आधीपासून आहे. आज अशी गोष्ट पहिली-दुसरीच्या मुलांसमोर येत असली तरी सुरुवातीला ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. तिचे पहिले वाचक म्हणजे युरोपातून आलेले पाद्री आणि ईस्ट इंडिया कंपनीचे तरुण नोकर. शाळकरी मुले त्यांच्यानंतर आली आणि त्या मुलांतही ज्यांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलली जात नव्हती, अशांची संख्या मोठी होती. मुंबई बंदराच्या पूर्व काठावरच्या न्हावा, शेवा या आगरी-कोळी वस्तीच्या गावांतली मुले त्यांपैकीच. म्हणून या पद्धतीचा इतिहास बंदराच्या दोन्ही काठांवरून पाहावा लागतो. पश्चिम काठावर पुस्तके तयार झाली. पूर्व काठावर ती वाचून मुलांना आपल्याच भाषेचे एक वेगळे रूप शिकावे लागले.

संस्कृतातला पाया

गोष्टीतून शिकवण्याचा सर्वांत प्रसिद्ध भारतीय नमुना म्हणजे पंचतंत्र. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन मुलगे मठ्ठ निघाले आणि विष्णुशर्मा या वृद्ध पंडिताने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचे पत्करले, अशी त्याची चौकट आहे. इथे शिकवायचा विषय राजनीती आहे, भाषा नव्हे. पंचतंत्राच्या आधाराने नारायण पंडिताने रचलेल्या हितोपदेशात मात्र हेतू बदलला. ग्रंथाच्या आरंभी त्याने जी फळे सांगितली आहेत, त्यांत नीतीच्या ज्ञानाबरोबर संस्कृत बोलण्यातले कौशल्यही मोजले आहे. म्हणजे भाषा शिकू पाहणाऱ्यांसाठी गोष्टींचे पुस्तक, ही कल्पना त्यात उघडपणे मांडलेली आहे.

दोन्ही ग्रंथांची रचनाही शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. घटना गद्यात येतात आणि त्यांतला बोध श्लोकात येतो. गद्य वाचून समजून घ्यायचे, श्लोक पाठ करायचा. याच सोयीमुळे संस्कृत शिकणाऱ्या परदेशी अभ्यासकांनीही हेच ग्रंथ आधी हाती घेतले. चार्ल्स विल्किन्सने १७८७ साली हितोपदेशाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १८०४ मध्ये मूळ ग्रंथ बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. मुंबई सरकारने १८६८ मध्ये ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’ ही ग्रंथमाला सुरू केली, तेव्हा ब्यूलर आणि कीलहॉर्न या संपादकांनी तिच्या आरंभासाठी पंचतंत्रच निवडले. महाविद्यालयात संस्कृत घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे सुरुवातीला हेच गद्य ठेवणे त्यांना योग्य वाटले.

गोव्यातली हस्तलिखिते

कोकणच्या किनाऱ्यावर परक्या माणसांना इथली भाषा शिकवण्यासाठी कथा लिहून घेतल्याचा सर्वांत जुना पुरावा गोव्यातला आहे. १५४२ पासून जेझुइट पाद्री गोव्यात येऊ लागले. लोकांच्या भाषेत बोलल्याशिवाय धर्मप्रसार होत नाही, हे त्यांना लवकरच कळले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यासाठी रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी गद्यात, रोमन लिपीत उतरवल्या गेल्या. सोबत मराठी पद्यरचनाही नकलून घेतल्या गेल्या. ही हस्तलिखिते आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. ज्या कथा लोकांना पाठ होत्या, त्याच पाद्र्यांच्या अभ्यासाच्या झाल्या. लिपी वाचणाऱ्याच्या ओळखीची, कथानक सांगणाऱ्याच्या ओळखीचे आणि भाषा तेवढी शिकायची, अशी ही मांडणी होती.

या तयारीचे फळ पुढे फादर थॉमस स्टीफन्सच्या कामात दिसते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण लिहिले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला प्रसिद्ध झाले. त्याच काळात पूर्वेकडेही हीच युक्ती चालू होती. १५९३ साली जपानमधल्या अमाकुसा येथील जेझुइट छापखान्याने इसापच्या गोष्टी बोली जपानीत, रोमन लिपीत छापल्या. त्यांचाही एक उद्देश नव्या पाद्र्यांना जपानी शिकवणे हाच होता.

कंपनीचे विद्यार्थी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेच काम कंपनी सरकारने हाती घेतले. १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. विलायतेहून आलेल्या मुलकी नोकरांना देशी भाषा शिकवणे हे त्याचे मुख्य काम. तिथे मराठी शिकवण्याची जबाबदारी मिशनरी विल्यम केरीवर आली. मराठी त्यालाही परकीच होती. त्याचा आधार वैजनाथशर्मा हे पंडित होते. केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. पण व्याकरण आणि कोश यांवर भाषा येत नाही, वाचायला काही तरी हवे. मराठी गद्य तेव्हा बखरी, पत्रे आणि दफ्तरे यांत होते. नवशिक्याला त्यातले बरेचसे पेलणारे नव्हते. म्हणून श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी आणि १८१५ मध्ये हितोपदेश ही मराठी पुस्तके निघाली. ती मोडी लिपीत छापली होती, कारण साहेबाला पुढे कचेरीत जे कागद वाचायचे होते ते मोडीतच असत.

तंजावरला याच सुमारास वेगळ्या हेतूने असाच प्रयत्न झाला. सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने तयार करवले. भाषांतरकार होते सख्खण पंडित. तमीळ मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना मराठी वाचता यावे, यासाठी छापील गोष्टींचा आधार घेण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. मराठी देशापासून दूर वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न तेव्हाही होता.

मुंबईत १८२२ मध्ये पंचोपाख्यान छापले गेले. त्यानंतर १८२३ मध्ये विदुरनीती आणि १८२४ मध्ये सिंहासनबत्तिशी निघाली. पेशवाई संपून जेमतेम चार वर्षे झाली होती आणि दख्खनच्या नव्या मुलखात कारभारासाठी पाठवायच्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी येणे निकडीचे झाले होते. पोपट, वेताळ, बाहुल्या आणि बोलणारी जनावरे यांच्या सोबतीने हे अधिकारी मुनशीच्या हाताखाली मराठी शिकले.

शाळेसाठी गोष्ट

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात देशी मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली. १८२२ मध्ये शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. गणित, भूगोल यांची पुस्तके कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली तयार होत होती. वाचनाच्या पुस्तकांचे काम सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्याकडे आले. लोक त्यांना बापू छत्रे म्हणत. १८२८ मध्ये त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके निघाली, तर १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. बाळमित्राचे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाचे होते; ते इंग्रजीमार्गे मराठीत आले. इसाप ग्रीसचा, वेताळ इथला आणि बाळमित्र पॅरिसचा. तीन ठिकाणच्या गोष्टी एकाच सोप्या मराठी गद्यात आणण्याचे काम छत्र्यांनी केले. मराठी बालवाङ्मयाचा आरंभ त्यांच्यापासून मानतात तो यामुळेच.

या पुस्तकांनी लिपीचाही प्रश्न सोडवला. शाळेच्या छापील पुस्तकांना देवनागरी म्हणजे बालबोध लिपी ठरली आणि मोडी हाताने लिहिण्यापुरती उरली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. मोल्सवर्थचा सहकारी मेजर थॉमस कँडी पुढे सरकारी शाळापुस्तकांच्या भाषेवर देखरेख करू लागला. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह या खुणा रूढ करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. सलग, विनाखंड लिहिलेले गद्य सरावलेला कारकून वाचू शकत होता. मुलाला किंवा परकीयाला वाक्य कुठे संपले हे डोळ्यांना दिसावे लागते.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इयत्तावार क्रमिक पुस्तके तयार झाली. आता गोष्टींना क्रम मिळाला: आधी दोन-चार ओळींची, मग पानभराची, मग धड्याएवढी. शाळेबाहेरही वाचनाची गोडी लावणारी पुस्तके आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी भाषेतल्या सुरस गोष्टींचे भाषांतर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक सुरू झाले. मुलांसाठी रामायण-महाभारत सोपे करून लिहिणाऱ्या याच आपट्यांनी मराठी शब्दकोशही केला.

गोष्ट सोपी होते म्हणजे काय

कासव आणि दोन हंस ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. हितोपदेशात ती अशी येते. मगध देशातल्या तळ्यात कंबुग्रीव नावाचे कासव राहते. संकट आणि विकट हे दोन हंस त्याचे मित्र. उद्या इथले मासे आणि कासवे मारू, असे कोळी बोलतात ते कासव ऐकते आणि मित्रांना उपाय विचारते. बोलण्याच्या ओघात कासव तीन माशांची गोष्ट सांगते. उत्तरादाखल हंस बगळे आणि मुंगसाची गोष्ट सांगतात. मध्ये नीतीचे श्लोक पेरलेले. मग काठी, उड्डाण, खाली गुराख्यांचे बोलणे, कासवाचे तोंड उघडणे आणि पडणे.

शाळेच्या पुस्तकात उतरताना या गोष्टीतून पहिल्यांदा नावे जातात, मग पोटातल्या दोन गोष्टी, मग श्लोक. श्लोकांऐवजी शेवटी एका ओळीचे तात्पर्य येते. ही पद्धत इसापच्या पुस्तकांतून पसरली. उरतात ती तीन पात्रे, एक काठी आणि एक अट. ‘तोंड उघडलेस तर पडशील’ हे वाक्य गोष्टीचा कणा आहे. भाषा शिकणाऱ्याला त्यातून संकेत आणि भविष्यकाळ एकदमच मिळतात आणि कासवाचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे वाक्याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

मराठीत अशा गोष्टींचा आणखी एक उपयोग होतो. नवशिक्याला सर्वांत जास्त नडतात ती लिंगे आणि सामान्यरूपे. प्राण्यांच्या गोष्टीत ती आपोआप येतात. हंस म्हणाला, टिटवी म्हणाली, कासव म्हणाले, अशी तिन्ही लिंगे एकाच पानावर भेटतात. उंदीर आला, पण उंदराने पाहिले. ससा पळाला, पण सशाला दम लागला. कावळा बसला, पण कावळ्याने खडे टाकले. सिंह आणि उंदराच्या गोष्टीत उंदराने जाळे कुरतडले, असे वाक्य येते. जाळ्याऐवजी दोर घातला तर कुरतडला, दोरी घातली तर कुरतडली. क्रियापद कर्त्याऐवजी कर्माप्रमाणे चालते, हा कर्मणी प्रयोगाचा नियम मोठ्या माणसालाही व्याकरणाच्या पुस्तकातून समजायला वेळ लागतो. गोष्टीत तो पाच-सात वेळा कानावर पडला की जिभेवर बसतो.

साखळीच्या गोष्टींचे काम याहून सोपे. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीचे दार ठोठावतो. दर खेपेला चिमणी नवे कारण सांगते: बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, तीट लावायची आहे. वाक्याचा साचा तोच, क्रियापद तेवढे बदलते. भाषेच्या वर्गात ज्याला सराव म्हणतात तो इथे गोष्टीतच मुरलेला असतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्टही याच घडणीची आहे.

घरातली गोष्ट छापखान्यात

अशा घरगुती गोष्टी पुस्तकात यायला मात्र वेळ लागला. पंडितांनी निवडली ती संस्कृतातली किंवा इंग्रजीतली कथा. आजीची गोष्ट त्यांना शिकवण्याजोगी वाटत नव्हती. तिची दखल आधी इंग्रजांनी घेतली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने आपली आया ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने प्रसिद्ध केल्या. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. मेरीला मात्र तिने त्या इंग्रजीत सांगितल्या. शिकून घेतलेल्या परभाषेत ओळखीची गोष्ट सांगण्याचे हे उलट दिशेचे उदाहरण आहे.

चातुर्मासातल्या कहाण्या या घराघरांत वाचल्या जात. आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या या कहाण्यांची भाषा कमालीची आटोपशीर असते: लहान वाक्ये, तेच तेच शब्द, विशेषणे जवळजवळ नाहीतच. शेवटी कहाणी स्वतःच सांगते की साठ उत्तरांची होती ती पाच उत्तरांत आटोपली. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी सी. ए. किंकेड याने या कहाण्या इंग्रजीत आणल्या आणि १९१४ मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या पुस्तकात त्या प्रसिद्ध झाल्या.

बंदराचा पूर्व काठ

न्हावा आणि शेवा ही मुंबई बेटाच्या समोर, खाडीपलीकडची गावे. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. भोवती खाजण, मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे. जवळच घारापुरीचे बेट. १७७४ मध्ये साष्टी आणि घारापुरीबरोबर उरणचे करंजा बेटही कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हापासून या भागाचा मुंबईच्या कारभाराशी थेट संबंध आला. मीठ, भात, मासळी या काठावरून त्या काठाला जात असे. पुढे शाळा आल्या तेव्हा पुस्तके उलट दिशेने आली.

या काठावरची मुख्य बोली आगरी, किनाऱ्यालगत कोळी. दोन्ही मराठीच्याच बोली, पण पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळ्या. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’, स्वरांमधल्या ‘ड’च्या जागी ‘र’ ऐकू येतो. पाणी म्हणजे पानी, कावळा म्हणजे कावला, गाडी म्हणजे गारी, होडी म्हणजे होरी. पहिलीत जाणाऱ्या मुलाला अक्षरे शिकता शिकता आपल्या तोंडातल्या शब्दाचे दुसरे रूपही शिकावे लागे. बगळा आणि खेकडा ही पंचतंत्रातली गोष्ट खाडीकाठच्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. बगळा कसा टपून बसतो आणि खेकड्याच्या नांग्या काय करू शकतात, हे त्याने रोज पाहिलेले असते. तरी गोष्टीतला खेकडा त्याच्या घरी चिंबोरी असतो. वाचताना तो अडखळला तर गोष्ट न कळल्यामुळे नव्हे, भाषा वेगळी असल्यामुळे अडखळतो. हा फरक शाळेच्या व्यवस्थेने फार काळ मानला नाही. क्रमिक पुस्तकांची भाषा पुण्या-मुंबईच्या शास्त्री-पंडितांनी ठरवली होती आणि तीच शुद्ध मराठी समजली गेली. मराठी ही या मुलांची मातृभाषा आहे असे गृहीत धरल्यामुळे, परभाषा शिकणाऱ्या साहेबाला जी सवलत मिळाली ती त्यांना मिळाली नाही.

भाषेचे अभ्यासक मात्र या बोलींपाशी गोष्ट घेऊनच पोचले. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. आगरी, कोळी, कऱ्हाडी, ठाकरी अशा कोकणातल्या बोलींचे नमुने त्यात आहेत. नमुना गोळा करण्यासाठी सर्वेक्षणाने बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठरवली होती. देशभरच्या शेकडो बोलींत तीच एक गोष्ट सांगून घेतली गेली, म्हणजे बोलींची तुलना करता यावी. त्यामुळे आगरीत छापलेल्या सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक ही बायबलमधली निघते आणि तिचा वाचक आगरी माणूस नसून भाषाशास्त्रज्ञ होता.

कुरणशाळा

बोली आणि पुस्तक यांतले अंतर शाळेने मान्य करावे, याची सुरुवात याच किनाऱ्यावर, थोड्या उत्तरेला झाली. ताराबाई मोडक त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करत होत्या. लहान मुलांना गोष्ट आधी ऐकवावी, उपदेश बाजूला ठेवावा आणि वाचनाची घाई करू नये, हा गिजुभाईंचा आग्रह. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर अंगणवाडी पाड्यावर आणि शाळा गुरे चरतात त्या कुरणावर नेण्यात आली. ऐकलेली गोष्ट, गाणे आणि भोवतालच्या वस्तू यांतून मुलांना शाळेच्या भाषेपर्यंत आणायचे, हा तिथला क्रम होता.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या कामात मराठी शिकणारे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकत्र दिसतात. अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांना त्या मराठी शिकवत आणि जाई निंबकरांबरोबर १९७५ मध्ये त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच गावात दलित आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवण्याचे कामही त्यांनी उभे केले.

शब्दांची मोजणी

विसाव्या शतकात सोप्या गोष्टीला मोजमाप आले आणि त्याचा उगमही भारतीय उपखंडातच झाला. ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्टला दिसले की बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण एक पुस्तक सलग वाचू शकत नाहीत. कारण वाचनमालेत दर ओळीला नवे शब्द होते आणि आलेला शब्द पुन्हा भेटत नव्हता. १९२०च्या दशकात त्याने नव्या शब्दांची संख्या बांधून दिलेली आणि प्रत्येक शब्द पुनःपुन्हा आणणारी वाचनमाला केली. १९५३ मध्ये त्याने इंग्रजीतल्या नित्याच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. जगभर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी निघालेली श्रेणीबद्ध पुस्तके या पायावर उभी आहेत. परीकथा त्यांत पहिल्या पायरीवर असतात, कारण त्यांची कथानके बहुतेक वाचकांच्या कानावरून आधीच गेलेली असतात.

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तके एका छत्राखाली आली ती २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती स्थापन झाल्यावर. त्याआधी आचार्य अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेने पुस्तकी भाषा मुलांच्या बोलण्याजवळ आणली होती. १९७१ मध्ये बालभारतीचे ‘किशोर’ मासिक सुरू झाले. दुसऱ्या माध्यमांत शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीची ‘सुलभभारती’ ही वेगळी पुस्तके निघाली. मराठी ही परभाषा म्हणून शिकणारा विद्यार्थी महाराष्ट्रातही आहे, याची ही अधिकृत कबुली होती. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले आणि तहानलेला कावळा मराठीबरोबर इंग्रजीतही मुलांना भेटू लागला. २०१५ मध्ये प्रथम बुक्सने ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत आणि एकच गोष्ट अनेक भाषांत वाचता येते.

बंदरानंतर

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी १९८०च्या दशकात या परिसरातल्या जमिनी गेल्या, शेवा कोळीवाड्याचे स्थलांतर होऊन हनुमान कोळीवाडा वसला आणि मीठ-भात-मासळीचा मुलूख कंटेनरचा झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला आणि दोन काठ रस्त्याने थेट जोडले गेले. बंदर, गोदामे आणि वाहतूक यांमुळे देशाच्या निरनिराळ्या राज्यांतली कुटुंबे इथे आली. त्यामुळे या भागात मराठी शिकणारी मुले आता दोन प्रकारची आहेत: घरी आगरी किंवा कोळी बोलणारी, आणि घरी हिंदी, भोजपुरी, तमीळ, मल्याळम बोलणारी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा दुसऱ्या गटाला मराठी परभाषा म्हणून शिकवण्याची गरज कायद्याने पक्की झाली. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळे ज्या मराठी शाळा चालवतात, त्यांचीही गरज याच जातीची आहे.

पहिल्या गटासाठी तसा कायदा नाही आणि वेगळे पुस्तकही नाही. चारशेहून अधिक वर्षांत मराठी-कोकणीत सोपी गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्यासाठी नव्याने कापली गेली. पाद्र्यासाठी तिची लिपी बदलली. साहेबासाठी ती मोडीत छापली गेली. शाळेसाठी तिला विरामचिन्हे, तात्पर्य आणि इयत्ता मिळाली. दुसऱ्या माध्यमातल्या मुलासाठी तिचे वेगळे पुस्तक निघाले. यांत मराठी शाळा सोडली तर विद्यार्थ्याला मराठी येत नाही, हे आधी मान्य केलेले होते. ज्या मुलांची मराठी पुस्तकापेक्षा वेगळी आहे, त्यांच्यासाठी गोष्ट आधी त्यांच्या बोलीत आणि मग प्रमाण मराठीत, समोरासमोर छापणे हा सोपा मार्ग आहे. आदिवासी भागांत अशी द्विभाषिक पुस्तके वापरात आली आहेत. आगरी-कोळी पट्ट्यात लोकगीते आणि गोष्टी भरपूर आहेत. शाळेच्या पहिल्या पुस्तकात त्यांना जागा मिळणे अजून बाकी आहे.